वाऱ्याची वाट

ऑगस्टात बडोद्याला दोरीवरचं बनियन दुसऱ्या दिवशीही हाताला गार लागतं. रावपुऱ्यातल्या, दांडिया बाजारातल्या जुन्या घरांना चौक असतो, गॅलरी असते, तारा बांधलेल्या असतात. पण हवाच पाण्याने भरलेली असेल तर तारेने काय करायचं? कपड्यांना कुबट वास धरतो. इस्त्रीने तो दबतो आणि घाम आला की पुन्हा वर येतो. घरात तान्हं मूल असेल तर लंगोट आणि दुपट्यांचा हिशेब तिसऱ्याच दिवशी कोलमडतो. मग कुणीतरी म्हणतं, ड्रायर घेऊ या, जुना मिळाला तर बघा.

आधी शब्दाचा घोळ सोडवायला हवा. आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टबालाही ड्रायरच म्हणतात. तो टब कपडे गरगर फिरवून पिळतो, सुकवत नाही. इथे बोलायचंय ते दुसऱ्या यंत्राबद्दल: समोर गोल दार, आत आडवा ड्रम, गरम हवा, आणि मागून बाहेर जाणारी चार इंच रुंद नळी. हा ड्रायर जुना घ्यावा का, याला माझं उत्तर ‘हो’ असं आहे. धुण्याच्या मशीनपेक्षा हे यंत्र साधं. पाण्याचे व्हॉल्व्ह नाहीत, पंप नाही, गळती नाही. मोटर, पट्टा, पंखा, हीटर, उष्णता आटोक्यात ठेवणारे दोन-तीन थर्मोस्टॅट, दाराचा स्विच आणि टायमर, एवढाच संसार. मल्टीमीटर आणि धीर असलेल्या माणसाला तो घरी दुरुस्त करता येतो.

पण एक गोष्ट मनात पक्की बसवूनच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यावा. ड्रायर हे कपडे गरम करण्याचं यंत्र आहे असं समजलं की माणूस पहिल्या मिनिटापासून हीटरच्या मागे लागतो. खरं काम करतो तो वारा. हिशेब करून पाहा. चार किलो सुके सुती कपडे धुऊन पिळले की त्यांत दोन-सव्वादोन लिटर पाणी उरतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट वीज लागते. ही पाण्याची किंमत आहे, कुठल्याही कंपनीचं मशीन आणा, ती तेवढीच. म्हणजे किमान दीड युनिट, आणि इकडेतिकडे वाया जाणारी उष्णता धरली तर दोन-अडीच. एवढी वीज घालून तयार केलेली दोन लिटर वाफ खिडकीबाहेर नेऊन सोडायची असते. तिची वाट अडली की कपडे गरम होतात, ओले राहतात, आणि एकेक सुटा भाग जळायला लागतो. म्हणूनच कपडे ड्रायरमध्ये टाकण्याआधी पिळायच्या टबात पाच मिनिटं जास्त फिरवून घ्यावेत. तिथे पाण्याला वाफ व्हावं लागत नाही, नुसतं उडून जायचं असतं, आणि त्याला विजेचा खर्च नगण्य.

आता खरेदी. मशीनच्या मागे किंवा दाराच्या आतल्या कडेला पत्र्याची पट्टी असते, ती आधी वाचायची. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि २००० ते २५०० वॅट असं काही लिहिलेलं असलं की पुढे बोलावं. बडोद्यात ही पट्टी वाचणं फार गरजेचं, कारण घरोघरी कुणी ना कुणी अमेरिकेत असतं आणि परतताना सामानाबरोबर तिकडचा ड्रायर आलेला असतो. दिसायला तो दणकट, ड्रम केवढा मोठा, आणि पट्टीवर २४० व्होल्टही लिहिलेलं. तिथेच फसगत होते. त्या मशीनचा हीटर २४० वर चालतो, पण मोटर आणि टायमर १२० वर. तिकडच्या घरात दोन फेज आणि मधला न्यूट्रल येतो, त्यामुळे एकाच चार पिनांच्या प्लगमधून दोन्ही दाब मिळतात. आपल्याकडे प्लग बदलून लावला तर १२० व्होल्टची मोटर २३० वर जाते आणि जळते. ट्रान्सफॉर्मर लावून मोटर वाचवली तरी ६० हर्ट्झची मोटर ५० वर हळू फिरते, आणि तिच्याच दांड्यावरचा पंखाही हळू. फुकट मिळाला तरी घेऊ नये.

दुसरी सावधगिरी पुराची. विश्वामित्री ऑगस्ट २०२४ मध्ये घराघरांत शिरली, त्याआधी ३१ जुलै २०१९ ला आभाळ फाटलं होतं. अशा प्रत्येक पुरानंतर भिजलेली मशीनं धुऊन-पुसून बाजारात येतात. बाहेरून चकचकीत असतात, म्हणून खालून बघायचं. मशीन मागे कलंडवून तळाच्या पत्र्याच्या घडीत बोट फिरवा. पिवळसर बारीक गाळ हाताला लागला, तळाचे स्क्रू गंजलेले आणि वरचे स्वच्छ असले, आवाज दाबायला आत लावलेल्या फोमवर एका उंचीला आडवी रेघ दिसली, तर पाणी तिथपर्यंत होतं. मोटर तळाशी असते, त्यामुळे सगळ्यात आधी तीच बुडते. असं मशीन घ्यायचंच असेल तर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून मेगरने, म्हणजे वीज बॉडीत झिरपते का ते मोजणाऱ्या मीटरने, तपासून घ्यावी: ५०० व्होल्टवर वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये निदान एक मेगओहम रोध मिळायला हवा, दोन-चार मिळाला तर निश्चिंत. एकाच्या खाली आला तर ती मोटर आधी सुकवायची आणि पुन्हा मोजायची; तशीच चालवायची नाही.

मशीन घरी आलं. प्लग काढलेला, हातात सुती मोजे. पत्र्याच्या कडा सुरीसारख्या असतात, हे लोक विसरतात आणि पहिल्या दहा मिनिटांत अंगठा कापून घेतात. मोटरचा कॅपॅसिटर, ज्याला आपले मिस्त्री आणि दुकानदार कंडेन्सर म्हणतात, प्लग काढल्यावरही भरलेला असू शकतो. त्याच्या दोन टोकांना काही सेकंद वायर लावलेला जाड रेझिस्टर टेकवून तो रिकामा करून घ्यावा, मगच आत हात. आणि एकही वायर काढण्याआधी मोबाइलवर फोटो. चारही बाजूंनी.

पहिली तपासणी जाळीची. दारापाशी कपड्यांची लव अडवणारी जाळी असते. डोळ्यांना ती स्वच्छ दिसते, सुटलेली लव कुणी ना कुणी काढलेली असते. तरी तिच्यावर नळाखाली वाटीभर पाणी ओता. पाणी सरळ गळून गेलं तर ठीक. तळ्यासारखं साचून राहिलं तर जाळीच्या छिद्रांवर कपडे मऊ करणाऱ्या द्रावाचा पातळ, न दिसणारा थर बसलाय, आणि वारा त्यातून जाऊ शकत नाही. भांड्याचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश, पाच मिनिटं. जुन्या ड्रायरची निम्मी ‘दुरुस्ती’ मला तरी या एका जाळीत दिसते, आणि मिस्त्री मात्र हीटर बदलून गेलेला असतो.

जाळीच्या खाली खोबण आहे. तिथून वारा पंख्याकडे जातो. बॅटरी मारून बघा, राखाडी नमद्यासारखी लव दिसेल. लांब दांड्याच्या बाटली धुण्याच्या ब्रशने ती ओढून काढायची, मग व्हॅक्युम. पुढे पंखा: बारीक पात्यांची गोल टोपली, बहुतेक मशीनमध्ये मोटरच्याच दांड्यावर बसवलेली. पात्यांमधल्या फटी लवेने भरल्या तर पंखा फिरतो पण हवा ढकलत नाही, जशी गच्च भरलेली चाळणी. तो काढायचा झाल्यास जोर लावण्यापूर्वी आटे बघून घ्या, कित्येक मशीनमध्ये या नटाचे आटे उलटे असतात. शेवटी नळी. प्लॅस्टिकची पातळ नळी असेल तर टाकून द्या; अ‍ॅल्युमिनियमची घ्या, चार इंची, आणि तिची लांबी दोन मीटरच्या आत ठेवा. प्रत्येक काटकोनी वळण म्हणजे दीड मीटर जादा नळी असं धरून चालावं. बाहेर काढायला भिंत फोडावी लागत नाही: खिडकीची एक काच काढून तिथे त्याच मापाची प्लायवूडची फळी बसवायची, तिला चार इंचाचं भोक. तोंडाला बारीक जाळी लावायचा मोह होतो, कारण बडोद्याची कबुतरं. पण ती जाळी पंधरा दिवसांत लवेने बंद होते. त्याऐवजी वाऱ्याने उघडणारी आणि एरवी मिटणारी झडप बसवा.

वाट मोकळी झाली, आता विजेकडे.

ड्रम फिरतोय, कपडे गार. ही सगळ्यात नेहमीची तक्रार. मल्टीमीटर ओहमवर ठेवून हीटरची एक बाजूची वायर काढा आणि त्याची दोन टोकं मोजा. २००० वॅटच्या हीटरचा रोध सुमारे २६ ओहम असायला हवा: २३० चा वर्ग भागिले वॅट, साधा हिशेब. आत दोन वेगळ्या कॉइल असतील, प्रत्येकी १००० वॅट, तर प्रत्येकी ५३ च्या आसपास. एक कॉइल तुटलेली असली की मशीन गरम होतं पण अर्धंच, आणि लोक म्हणतात ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’. मग एक टोक हीटरवर, दुसरं पत्र्याच्या बॉडीवर: इथे मीटरने काहीही दाखवता कामा नये. दाखवलं तर कॉइल लोंबून पत्र्याला लागलीय आणि असा हीटर बदलायलाच हवा. तुटलेली कॉइल पिळून जोडायची आपल्याकडे फार हौस. तो जोड गरम होतो, सैल होतो, आणि पुन्हा तुटतो तो नेमका लव उडत असताना. जोडू नये.

हीटर चांगला निघाला तर त्याच्या डोक्यावर किंवा शेजारी बसवलेला थर्मल फ्यूज पाहावा, आणि या लहानशा वस्तूजवळ थोडं थांबावं. पांढरी किंवा काळी, करंगळीच्या पेराएवढी, दोन पिना, दोन स्क्रूंनी पत्र्याला टेकवलेली. आत मेणासारखा किंवा धातूचा एक कण असतो. ठरावीक तापमान ओलांडलं की तो वितळतो आणि वाट कायमची तुटते. मीटर बीपच्या खुणेवर ठेवून टोकं लावली तरी बीप येत नाही. बाहेरून काही जळल्याची खूण नाही, वास नाही, रंग तोच. दुकानात तो स्वस्तात मिळतो, बसवायला पाच मिनिटं लागतात, मशीन गरम होतं, सगळे खूश. आणि तीन आठवड्यांत तो पुन्हा जातो. कारण त्याने आपलं काम केलं होतं; आत उष्णता साठत होती हे त्याने सांगितलं, आणि आपण त्याच्या जागी नवा बसवून तीच उष्णता पुन्हा साठवली. म्हणून फ्यूज गेला तर जाळी, खोबण, पंखा, नळी तपासल्याशिवाय नवा लावायचा नाही. फ्यूजच्या दोन वायरी एकमेकींना जोडून ‘डायरेक्ट’ केलेलं मशीन जुन्या बाजारात सर्रास मिळतं. घेतलेलं मशीन चालू करण्याआधी हे बघावंच. मी तरी असं मशीन फ्यूज पुन्हा बसेपर्यंत एक मिनिटही चालवू देणार नाही.

थर्मोस्टॅटही तिथेच, नाण्याएवढी गोल चकती. गार असताना त्याच्या दोन पिनांत मीटरने बीप द्यावा. एखाद्याच्या मधोमध छोटं लाल बटण असतं. ते बाहेर आलेलं असेल तर दाबलं की टक् होऊन बसतं, आणि पुन्हा तोच प्रश्न, ते बाहेर आलं कशामुळे. बदलताना अंगावर छापलेला अंशांचा आकडा तोच हवा. ‘दहा अंश जास्तीचा चालतो’ असं सांगणाऱ्या दुकानातून रिकाम्या हाताने परत यावं. इलेक्ट्रॉनिक मशीनमध्ये थर्मोस्टॅटबरोबर एक सेन्सरही असतो, गरम केला की त्याचा रोध उतरतो. मुठीत धरून आकडा हळूहळू खाली जाताना दिसला की तो जिवंत आहे. ड्रमच्या तोंडाशी धातूच्या दोन पट्ट्या दिसल्या तर त्या ओल ओळखणाऱ्या. त्यांवरही तोच मऊपणाच्या द्रावाचा थर बसतो, आणि मग ओले कपडे सुके समजून मशीन लवकर थांबतं. स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्या की काम झालं.

आता उलटी तक्रार: ड्रम फिरतच नाही. दार उघडून ड्रम हाताने फिरवा. अगदीच हलका, कुठेही न अडता फिरत राहिला तर पट्टा तुटलेला. थोडा अडून, मोटरला ओढत फिरला तर पट्टा शाबूत. पट्टा शाबूत, आणि चालू केल्यावर नुसतंच घुंऽऽ ऐकू येतं, तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. त्याच्यावर मायक्रोफॅरडचा आकडा आणि पाच टक्के कमी-जास्त चालेल अशी खूण छापलेली असते. ८ लिहिलंय आणि मीटर ५ दाखवतोय, तर मोटरला उचलायला बळ मिळत नाही. नवा त्याच आकड्याचा आणि ४५० व्होल्टचा. घुंघुं चालू असताना मशीन ‘बघू फिरतंय का’ म्हणून सुरू ठेवू नका, दोन-तीन मिनिटांत वाइंडिंग तापून जातं. आणि काहीच आवाज नसेल तर दाराचा स्विच; दार लावताना बारीक टक् ऐकू आला पाहिजे.

पट्टा बदलणं हे सगळ्यात समाधानाचं काम आहे. पट्ट्याच्या पाठीवर आकडे असतात, उदाहरणार्थ १९३० एच ७: लांबी १९३० मिलिमीटर, धारांचा प्रकार एच, आणि सात धारा. तोच आकडा घेऊन दुकानात जायचं, ‘अमुक कंपनीचा द्या’ एवढ्याने भागत नाही. वरचा पत्रा मागचे दोन स्क्रू काढून मागे सरकवला की उचलला जातो. पट्टा धारांची बाजू आत ठेवून ड्रमवर गुंडाळायचा, खाली मोटरच्या पुलीत घालायचा, आणि ताण देणारी स्प्रिंगची छोटी चकती त्याच्या गुळगुळीत पाठीवर दाबून बसवायची. मग ड्रम हाताने तीन वेळा पूर्ण फिरवायचा. पट्टा ड्रमवरच्या जुन्या चकचकीत पट्ट्यात आपोआप येऊन बसतो. वेडावाकडा राहिला तर महिन्याभरात कडा उसवेल.

आवाजांबद्दल थोडक्यात. किर्रकिर्र म्हणजे ताणाच्या चकतीचा कोरडा बुश. घासल्याचा आवाज म्हणजे ड्रम आणि त्याच्या तोंडाभोवतीच्या नमद्याच्या कडेत अडकलेलं नाणं किंवा तार. ठोके म्हणजे ड्रम ज्यावर फिरतो त्या रोलरला पडलेला चपटा भाग किंवा मशीन बराच काळ बंद राहिल्याने वाकलेला पट्टा, तो दहा मिनिटांत सरळ होतो. तेल फक्त धातूच्या दांड्यावर, तेही उष्णता सोसणारं ग्रीस, मुगाएवढं. नमद्यावर थेंबही नको. तिथे तेल म्हणजे लव चिकटायला आमंत्रण आणि गरम हवेत जळायला इंधन.

तेलावरून बाळाची दुपटी आठवायला हवीत, कारण बऱ्याच घरांत ड्रायर येतो तो त्यांच्यासाठीच. तान्ह्याला तेल लावून अंग चोळतात, ते तेल दुपट्यात जिरतं, आणि एका धुण्यात पूर्ण निघत नाही. सुती कापडातलं तेल गरम झालं की हवेतल्या प्राणवायूशी त्याची क्रिया होते आणि त्यातून आणखी उष्णता निघते. पसरलेल्या कपड्यातून ती निसटते, पण गरमागरम ढिगात आतच अडकते, वाढते, आणि ढीग मशीन बंद झाल्यावर तासाभराने पेटू शकतो. म्हणून तेलाची दुपटी, स्वयंपाकघरातली तुपकट फडकी, रॉकेलने पुसलेला कपडा ड्रायरमध्ये घालायचाच नाही. दोनदा गरम पाण्याने धुऊनही तेलाचा वास आला तर तारेवर. शेवटची दहा मिनिटं मशीन हीटरशिवाय फिरतं ते याचसाठी. घाई म्हणून मध्येच बंद करून कपडे आत तसेच ठेवू नयेत. रात्री सगळे झोपल्यावर ड्रायर लावू नये, हेही ओघाने आलंच. नऊवारी एकटी घालू नये, तिचा दोर होतो आणि मधला पीळ ओलाच राहतो. दोन टॉवेलांबरोबर घातली तर सुटी राहते.

जुन्या घरांत एक काम मशीन लावायच्या आधीचं आहे. २००० वॅट म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर, तासभर सलग. मिक्सरच्या लहान सॉकेटला ते झेपत नाही. १६ अँपिअरचं मोठं सॉकेट, बोर्डपासून स्वतंत्र चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, जादा भारावर तुटणारा १६ चा एमसीबी, आणि गळतीवर तुटणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल जेवढे व्होल्ट तेवढेच जवळपास फेज-अर्थ दाखवायला हवेत, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीनच्या वर नको. वाड्यातल्या कित्येक बोर्डांत अर्थची पीन नुसती शोभेची असते, मागे वायरच नसते. मीटरला व्होल्ट दिसले तरी अर्थची खात्री वायरमनकडून करून घ्यावी. ओल्या कपड्यांशी आणि पत्र्याच्या बॉडीशी एकाच वेळी हात लागतो, तिथे अंदाजाने चालत नाही.

सगळं बसवल्यावर चाचणी टॉवेलांवर. दोन मोठे टॉवेल सुके असताना स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, भिजवून पिळून पुन्हा तोला. जाळी स्वच्छ, खिडकी उघडी, अर्धा तास मशीन. या अर्ध्या तासात बाहेरच्या झडपेशी जाऊन उभं राहा: झडप आडवी उघडलेली हवी, हवा गरम आणि ओलसर लागायला हवी. गरम पण कोरडी आणि मंद लागली तर कुठेतरी अजून लव आहे. अर्ध्या तासाने टॉवेल पुन्हा तोला, निदान अर्धा किलो कमी व्हायला हवा. मग स्विच बंद करून प्लग काढा आणि पिनांना बोट लावून बघा. कोमट असतील तर चालेल. बोट टेकवत नसेल तर सॉकेटची पकड सैल आहे. ते आधी बदला, मगच दुसरा घाणा घाला.